त्या दिवशी बाईनं कोहळं टोचलं नाही

फुटलं... एवढंच मले कळलं. बंदूक सुटावी तसा आवाज झाला अन् चुलीतून इंगळ, राख, कोहळ्याचा उकळता गर, सगळं एकदम आंगणभर उडालं. मी बाजूच्या शेगडीवर पोळ्या करून राहिली होती अन् माझा विजू, सव्वा वर्षाचा, चुलीपासून हातभर अंतरावर पोत्यावर बसून वाटी बडवून राहिला होता. मी हालली नाही. मी त्याची आई, अन् मी हालली नाही. लाटलेली पोळी हातातच राहिली. तेवढ्यात नळावरून येता येता पाण्याची बकेट आंगणात टाकून बाई धावत आली, धावत कसली, उडतच आली, अन् विजूवर पालथी पडली. इंगळ तिच्या पाठीवर पडले. पातळ पेटलं. "विझव वं! नलू, पाहत काय राहिली, विझव!" ती ओरडली तेव्हा कुठे मी हालली. पिठाच्या हातानं मी तिची पाठ झोडपली, मंग तिचीच सांडलेली बकेट उचलून उरलेलं पाणी ओतलं. विजू खाली दबून रडून राहिला होता, पण त्याले काही झालं नव्हतं. त्याचा एक केस जळला नाही.

ह्याले तीन वर्षं झाले. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमनबाई. मी तिले नुसतं बाई म्हणो. पाच आठवडे झाले, ती गेली. कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले, झाडपाला झाला, दवाखाना झाला, अन् नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच मान टाकली. तुमच्या पेपराच्या रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लोकं लिहितात, मी वाचते. ते मोठे लोकं असतात. माझी बाई काही मोठी नव्हती, तिले सही येत होती अन् भरीत येत होतं. अन् मी सातवी शिकली, तेही पुरी नाही. पण त्या दिवशीची एक गोष्ट आहे, जी तिच्याजवळ होती अन् माझ्याजवळ होती. आता एकट्या माझ्याजवळ आहे. सांगू का नको सांगू, ह्याच्यानं मले बसवत नाही, उठवत नाही. भांडे घासता घासता मी थांबते, विसरते का घासलं अन् काय राहिलं. म्हणून लिहून राहिली. मले क्रम लावता येत नाही, जसं आठवते तसं लिहिते.

मी नरखेडकडची. सतरा वर्षांची असताना लग्न होऊन नागपुरात आली, प्रताप नगरात. तेव्हा तिथे प्लॉट जास्त अन् घरं कमी होते. आमचे दोन खोल्या, समोर मोठं आंगण, अन् न्हाणीच्या टिनावर कोहळ्याचा वेल चढवलेला. लाल कोहळं, गोड, शहरातले लोकं ज्याले लाल भोपळा म्हणतात ते. घरात सासूबाई, त्यांले आम्ही आत्याबाई म्हणतो, माझे भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ, बाई, आमचे हे, अन् मी. हे मिलमध्ये, भासरे एसटीच्या वर्कशॉपात. सकाळी सातले दोघंही सायकली घेऊन निघत. मंग दिवसभर घरात तीन बायाच.

आल्यावर पहिल्याच महिन्यात आत्याबाईनं टिनावरून एक कोहळं उतरवलं, माझ्यापुढे ठेवलं अन् म्हणाल्या, "भरीत करायचं हाय. सुमन दाखवन तुले." मी विळी घेतली. आत्याबाईनं असा हात धरला माझा, की बांगडी वाढली. "अवं काय करून राह्यली! बाईनं आखं कोहळं कापत असते का? कोणं शिकवलं तुले?" आता आमच्या गावाकडेही हे मानत, पण आमच्याकडे कोहळं माझे बाबाच कापत, म्हणून मले कधी विचार करायची वेळच आली नव्हती. कोहळं म्हणजे घरातलं मोठं पोरगं. बाईमाणसानं त्याले पहिली सुरी लावली त पोटच्या पोरावर येते. आधी माणसानं सुरी लावायची, मंग बाईनं पुढचं करायचं. सगळ्याच घरी असं करतात. पण आमच्या घरचे माणसं त सातलेच गेलेले. मी म्हटलं, "मंग कोण कापणार?" आत्याबाईनं सुरी उचलली अन् बाईच्या हातात दिली. बाईनं देठाजवळ बोटभर खोल टोचा मारला, सुरी फिरवली, काढली, पुसली. अन् मले डोळा मारला. मले तेव्हा काही समजलं नाही. मी नवीन होती, मी हसली.

नंतर समजलं. तिच्या लग्नाले तेव्हा नऊ वर्षं झाले होते अन् लेकरू नव्हतं. म्हणून ते काम तिचं. आत्याबाई कोणापुढेही सरळ सांगत, "सुमनले काय, तिनं टोचलं त चालते." शेजारच्या बायाही आपापले कोहळे घेऊन येत, "सुमन, एवढं टोचून दे वं." अन् बाई टोचून दे. कोणाले नाही म्हणे ना. उलट मस्करी करे. एकदा एका शेजारणीनं तीन कोहळे आणले त बाई म्हणाली, "लाईनीत ठेवा, डॉक्टरीण एक एक पाहते." सगळ्या हसल्या. मीही हसली. ती मंग कोपऱ्यात जाऊन सुरी धुवे, लय वेळ धुवे. हे मी पाहो, पण मी कधी काही म्हटलं नाही.

आता भरीताचं सांगते, कारण तिच्यासारखं भरीत मी दुसरीकडे खाल्लं नाही. कोहळं ती आखंच भाजे. गवऱ्यांचा आर झाला की मधे जागा करे, कोहळं बसवे, देठ वर, अन् चहूकडून इंगळ अन् राख लावे, जसं लेकराले गोधडी लावतात. मंग तिच्या त्या टोच्यातून वाफ निघे, बारीक सुंई सुंई आवाज करत. बाई म्हणे, "ऐक, गाऊन राहिलं." तो आवाज बारीक होत होत थांबला अन् देठ हातानं पिरगाळून सुटलं, की कोहळं झालं. वरची साल काळी कोळसा, आत केशरी लोणी. ते गंजात काढून गरम गरमच हातानं मोडायचं, पाट्यावर नाही, नाही त चिकट होते. गरम असतानाच चिंचेचा कोळ. "चिंच गरमात घाल, गूळ थंड झाल्यावर," हे तिनं मले शंभर वेळा सांगितलं असन. गरमात गूळ घातला त पाणी सुटते अन् चिंच मागे राहते, तिचं म्हणणं. वरून तेलाची फोडणी, मोहरी, चार मेथीदाणे, लाल मिरच्या, अन् मूठभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. आत्याबाईचे भाऊ, मामा, कामठीहून फक्त त्याच्यासाठी येत. पहिला घास घेऊन डोळे मिटत अन् म्हणत, "सुमन, जिभेले कळून नाही राहिलं, हसू का रडू." बाई पदराआडून म्हणे, "मामाजी, दोन्ही करा, पण ताट खाली होऊ द्या, नलू उपाशी आहे."

अशी ती होती. माझं पहिलं बाळंतपण माहेरी होणार होतं, पण विजू आठव्यातच आला, इथेच. सव्वा महिना माझी न्हाणी, शेक, विजूची तेलमालिश सगळं तिनंच केलं. तो रडला की माझ्याआधी ती उठे. तो बोलायले लागला त 'मोठी आई' म्हणता ये ना, 'मोठाई' म्हणे. आत्याबाई ओट्यावर बसून कोणाजवळ तरी "आमच्या थोरलीची कूस रिकामीच राह्यली" म्हणत असत अन् हा घरातून हाका मारत राहे, "मोठाई! मोठाई!" बाई धावे. मी दोन्ही ऐको, अन् पोळी उलटवो.

त्या दिवशी, मार्गशीर्षात, मामा सहकुटुंब येणार होते जेवायले. आत्याबाई त्यांले घ्यायले स्टेशनावर गेल्या. जाताना सांगून गेल्या, बारा वाजेपर्यंत भरीत तयार पाहिजे. चूल पेटली, आर झाला. मी कोहळं आणलं, सुरी आणली, बाईपुढे ठेवली, नेहमीसारखी. बाईनं सुरीकडे पाहिलं अन् म्हणाली, "आज नाही."

मी म्हटलं, "काहून वं बाई?"

"काहून म्हणजे काय. नाही टोचत आज. तू टोच."

मी घाबरली. माझा एकुलता एक विजू तिथेच बसून होता. "मी कशी टोचू? मले पोरगा आहे न..." मी असंच बोलली. तिच्या तोंडावर. अन् बोलल्यावर जीभ चावली. मले वाटलं आता ती रडन, नाही त चिडन. पण ती हसली. वेगळंच हसली, कोणी गोड खाऊन तोंड पुसलं नाही असं. "राहू दे मंग," म्हणाली, "आलूची भाजी कर. मामा काही मरत नाही भरीताबिगर." अन् बकेट घेऊन नळावर गेली.

आता ती हसली त्याचा अर्थ मी काढायले पाहिजे होता. पण मी काय विचार करून राहिली होती? आदल्या दिवशी आत्याबाई तिले लागट बोलल्या होत्या, म्हणून रुसली असन. अन् बारा वाजता आत्याबाई येतीन, भरीत नाही पाहून मलेच बोलतीन. मी अठरा-एकोणीस वर्षांची, सासूच्या पायाचा आवाज आला त माझ्या हातातली वाटी पडे. मी कोहळ्याकडे पाहिलं. मले वाटलं, कापायचंच नाही न बाईमाणसानं? भाजायले कोण नाही म्हणते? भाजणं काही कापणं नोहे. आखंच ठेवते, टोच्याबिगर. भाजून नरम झालं की आपोआप उकलन, सुरीच लागणार नाही. मले अक्कल आल्यासारखं वाटलं. खरं सांगते, मनात मी स्वतःले शाबासकी दिली. तो टोचा मानपानाचा आहे, रीतीचा आहे, एवढंच मले माहीत. त्यातून वाफ निघते म्हणून कोहळं फुटत नाही, हे इतके दिवस तो आवाज ऐकूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी इंगळ लावले, राख लावली, अन् शेगडीवर तवा ठेवला. आवाज येऊन राहिला नव्हता. मले वाटलं, आज शांत आहे...

मंग काय झालं ते मी वरती लिहिलं.

शेजारच्यांनी रिक्षा आणला, सायकलरिक्षा. बाईले बसता ये ना, ती माझ्या मांडीवर पालथी. विजूले शेजारणीजवळ ठेवला. मी तिच्या पाठीकडे पाहून रडून राहिली होती अन् ती माझा हात दाबून राहिली होती, जोरानं. चौकाच्या पुढे गेलो तशी ती म्हणाली, "नलू, पाठीचं सोड. मले खालून जाऊन राहिलं."

मले समजलं नाही. मी म्हटलं, "काय जाऊन राहिलं?"

"दोन महिने झाले होते वं," ती म्हणाली. "परवापर्यंत मलेच खरं वाटून नव्हतं राहिलं. संक्रांतीले सांगणार होती."

म्हणून तिनं टोचलं नव्हतं. अकरा वर्षं घराचे, गल्लीचे सगळे कोहळे टोचले तिनं, अन् त्या एका दिवशी पहिल्यांदा तिले कोणासाठी तरी भीती वाटली होती. माझी भीती सगळ्यांले दिसे, सगळे सांभाळत. तिची कोणाले माहीतच नव्हती. अन् ती विजूवर पडली तेव्हा पोटावरच पडली, ओट्याचा दगड लागला. पाठ भाजली ती वेगळीच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मले बाहेर बोलावून सांगितलं, राहिलं नाही. मी आत गेली त बाई कुशीवर, तोंड भिंतीकडे. पाठीले पांढरं मलम. मी तिचे पाय धरले. मले काही बोलायचं होतं पण हुंदकाच येऊन राहिला. ती म्हणाली, "गप. बह्याड पोरी. गप राय अन् ऐक. कोणाले सांगायचं नाही. डॉक्टरीणबाईलेही मी हात जोडले."

"भासऱ्यांले तरी?"

"त्यांले त नाहीच नाही." मंग तिनं पदराचं टोक तोंडावर ओढलं. मले वाटलं झोपली. "ते तुले काही म्हणणार नाहीत. तुले त काय, कोणालेच म्हणणार नाहीत. पण विजू समोर आला की त्यांच्या डोळ्यात ते येईन. अन् ते मले पाहवणार नाही. विजू मोकळा खेळला पाहिजे त्यांच्या आंगावर." अन् तिनं मले वचन मागितलं. विजूच्या डोक्याची शपथ. पोरगा तिथे नव्हता त म्हणाली, घरी गेल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेव अन् मनात म्हण. मी ठेवला. मी म्हटलं.

आत्याबाई दवाखान्यात आल्या त्याच रागात अन् रडत. "कोणं ठेवलं कोहळं टोच्याबिगर? काय अक्कल गहाण ठेवली होती का?" मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी खाटेवरून बाई म्हणाली, "मी ठेवलं." आत्याबाई म्हणाल्या, "अकरा वर्षं टोचून राह्यली अन् आजच विसरली? डोकं कुठे होतं तुहं?" बाई म्हणाली, "विसरली." मी उघडलेलं तोंड बंद केलं. संध्याकाळी भासरे वर्कशॉपातून तसेच आले, हाताले ग्रीस. नर्सनं त्यांले सांगितलं, तीन महिने जपा, वजन उचलू देऊ नका. त्यांले वाटलं पाठीसाठी. त्यांनी तीन महिने तिले बकेट उचलू दिली नाही, स्वतः पाणी भरलं, गल्लीतले लोकं हसत त्यांले.

पुढच्या वर्षी टिनावर परत कोहळे लागले. आत्याबाईनं एक उतरवलं, सुरी घेतली, अन् बाईच्या हातात दिली. मले वाटलं आता ही फेकन. मले वाटलं मी उठीन अन् हिसकून घेईन. बाईनं माझ्याकडे पाहिलं. एवढंसं. अन् टोचा मारला, सुरी फिरवली, काढली. त्या दिवशी डोळा मारला नाही. भरीत तसंच झालं, तेवढंच गोड, तेवढंच आंबट. मामाही तेच बोलले. मी जेवली. तीन वर्षं दर हंगामात ती टोचत राहिली अन् मी जेवत राहिली... लोकं म्हणतात भीतीनं माणूस गप राहते. भीती त होतीच. पण खरं त मले गप राहायची सवय झाली होती.

तेरवीच्या दिवशी घर भरलेलं होतं. स्वयंपाकाले कोहळं पाहिजे होतं. आत्याबाईनं वेलावरून उतरवलं, आंगणात आणलं, अन् सवयीनं घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, सुरी आण वं..."

आत्याबाई कोहळं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मंग खाली बसल्या अन् त्याच कोहळ्यावर डोकं टेकून रडल्या. मले त्यांचा इतका राग होता, पण त्या वेळी मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मामांनी सुरी लावली. रडता रडता कोणीतरी म्हणालं, "लक्ष्मी होती बिचारी," अन् आत्याबाई नाक पुसत म्हणाल्या, "सगळं होतं वं तिच्यात, फक्त कूस उजवली नाही. निपुत्रिक गेली माही सुमन." विजू माझ्या कडेवर होता. तो माझी हनुवटी धरून विचारून राहिला होता, "मोठाई कधी येईन?"

आता मले जे सुचून नाही राहिलं ते सांगते. आमच्याकडे लहान सून भासऱ्यांशी बोलत नाही. पदर घ्यायचा, समोर यायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. लग्नाले पाच वर्षं झाले, मी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, ते माझ्याशी नाही. काही सांगायचं त बाईजवळ सांगायचं, ती त्यांले सांगे. आता ती नाही, त आमच्यातला रस्ताच बंद झाला. मागच्या आठवड्यात सकाळी मी आंगणात कपडे वाळू घालून राहिली होती. ते जांबाच्या झाडाजवळ आले, पाठ माझ्याकडे करून उभे राहिले, अन् म्हणाले, "विजूची आई, एक विचारतो."

माझ्या हातातला पिळा खाली पडला. मी पदर ओढला.

"त्या वेळी नर्सनं तीन महिने जपा म्हटलं होतं. आमच्या वर्कशॉपात एक जण भाजला, त्याले असं कोणी नाही म्हटलं. मी आता आता विचार करून राहिलो. पाठ भाजली त तीन महिने वजन कायले नाही उचलायचं? तुम्ही होत्या संग... ती काही बोलली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

पाच वर्षात त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द. ते म्हणाले, "बरं." मंग विजूले उचललं, खांद्यावर बसवलं अन् बाहेर गेले. विजू त्यांचे केस धरून हसून राहिला होता.

अन् आता आत्याबाईनं भासऱ्यांसाठी काटोलकडचं एक स्थळ आणलं. विधवा आहे, एक पोरगी आहे. आत्याबाई सगळ्यांले सांगतात, "हिची कूस उजवलेली हाय, म्हणजे आता काळजी नाही." भासरे हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, ताटातलं अर्धं ठेवून उठतात. करावं त्यांनी लग्न, मी नाही म्हणत नाही. पण बाईची कूस रिकामी राहिली, असं म्हणून ह्या घरात दुसरी येईन. अन् ते खोटं आहे. तिच्या पोटात होतं. माझ्या पोरासाठी गेलं. हे जगात मले एकटीलेच माहीत आहे, अन् मी मेली त कोणालेच नाही.

सांगितलं त काय होईन, ते मी रोज मोजते. भासरे विजूले खांद्यावर घेणार नाहीत. बाई जे म्हणाली तेच होईन, त्यांच्या डोळ्यात ते येईन. आमचे हे मले विचारतीन, तीन वर्षं गप काहून राहिली. आत्याबाई काय म्हणतीन ते त मी लिहूही शकत नाही. अन् सगळ्यात मोठं, ती शपथ. मी साध्या कोहळ्याले सुरी लावायले घाबरली होती, पोरावर येईन म्हणून. अन् इथे त पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेलं वचन. कालपासून मी विजूच्या कपाळाले दहा वेळा हात लावून पाहिला, तापला त नाही न. तो हात झटकून टाकते माझा.

भासरे रविवारी बाहेरच्या पलंगावर बसून पुरवणी वाचतात, पहिल्या ओळीपासून खालच्या जाहिरातीपर्यंत. त्यांच्यासमोर उभी राहून मले बोलता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगवत नाही. म्हणून हे कागद तुमच्याकडे पाठवून राहिली, नावं बदलू नका. रविवारी मी दाराच्या आत उभी राहीन. ते पान उलटवतीन तो आवाज मले ऐकू येईन. विजू आंगणातच असन, कारण ते बसले की तो त्यांच्याजवळच असते, अन् मी त्याले आत बोलावणार नाही. काय होते ते त्याच्या समोरच होऊ दे.

हे बरोबर का चूक, मले नाही समजत. जिनं माझं लेकरू वाचवलं तिचं वचन मी मोडून राहिली, अन् तेही त्याच लेकराच्या डोक्याचं. गप राहिली असती त विजू मोकळा राहिला असता, जसा तिले पाहिजे होता. बोलली त ती आई होती हे तिच्या माणसाले कळन. दोन्ही तिचंच आहे, अन् मले दोन्ही देता येत नाही.

तुम्ही वाचून राहिल्या न, तुमच्याही कडेवर लेकरू असन... तुम्ही काय केलं असतं?